झाडाचा खालचा अर्धा भाग त्याचा: तीन वर्षांच्या मुलासोबत ख्रिसमस ट्री सजवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा जानेवारीत तीन वर्षांचा होतोय, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये फ्लॅट आहे, गेल्या नाताळात त्याने झाड ओढून पाडलं, सासूबाईंनी इतकी वर्षं जपलेल्या काचेच्या बॉलपैकी काही फुटले, आणि यंदा त्याला सोबत घेऊनच झाड सजवायचंय, पण ते दिसायलाही बरं हवं आणि कुणाला इजाही नको. मी ठाण्यातच बालवाडी चालवते, आमच्या घरी दर नाताळला झाड असतं आणि वर्गातही असतं, लहान मुलं झाड कसं सजवतात हे मी खूप जवळून बघत आलेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी घरात सगळ्यांना बसवून एक गोष्ट ठरवून टाका. झाडाचा खालचा अर्धा भाग त्याचा. तिथे तो जे जसं लावेल ते तसंच राहणार. वरचा अर्धा भाग मोठ्यांचा, तिथे आजीचे बॉल, तुमची थीम, जे हवं ते. रात्री तो झोपला की तुमचे हात शिवशिवणार, एकाच फांदीवर सहा चांदण्या लटकतायत आणि बाजूची फांदी रिकामी, वाटणार की दोनच उचलून तिकडे लावूया, त्याला काय कळतंय. कळतं हो. मुलं सकाळी उठून डोळे चोळत आधी झाडाकडे जातात, आपण काल लावलेलं आहे का ते बघतात, आणि ते तिथे नसलं की काहीजण रडतात आणि काहीजण गप्प होतात. गप्प होणारी मुलं दुसऱ्या दिवशी झाडाला हात लावत नाहीत, मग आपण म्हणतो की त्याला इंटरेस्टच नाही. माझ्या मते झाड सजवण्यातली हीच एक गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे, बाकीचं सगळं व्यवस्थेचं काम.

एकाच फांदीवर सगळं का लावतात ते सांगते म्हणजे तुम्हाला त्याचा राग येणार नाही. या वयात मूल अख्खं झाड बघतच नाही, त्याच्यासमोरची ती एक फांदी बघतं. तिथे एकदा जमलं ना, मग पुन्हा तिथेच, कारण तिथे जमतंय. एखाद्या मुलाला लावताना नीट बघा. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्या हातात दोरीचा फास, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, फास टोकावर सरकवला की फांदी सोडायची, फांदी उसळते आणि चांदणी खाली पडते. उचलायची, पुन्हा तेच. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची, नजर तिसरीकडे हलू द्यायची नाही, हे त्याच्यासाठी खूप मोठं काम आहे. अशा वेळी त्याला "अरे इकडे लाव, तिकडे जास्त झालं" म्हणू नका. त्याला झाडाच्या दुसऱ्या बाजूला उभं करा, बस. जिथे उभं राहील तिथली फांदी भरेल. आम्ही वर्गात एक छोटा पाट ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पाट सरकवतो, मुलांना काहीही सांगावं लागत नाही. घरी झाड कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवलं असेल तर सजवण्यापुरतं वीतभर पुढे ओढा.

फास मोठे करा. बाजारातल्या बॉलला बारीक सोनेरी दोरी असते आणि काहींना तारेचा आकडा. आकडे सगळे काढून टाका, ते डोळ्यात जातात, तोंडात जातात, गालिच्यात हरवतात आणि मग पायात घुसतात. त्याऐवजी जाड लोकरीचा फास बांधा, मुलाची तीन बोटं आरामात आत जातील एवढा. याने निम्मी चिडचिड संपते, खरंच.

आता वेळ. एका रविवारी संध्याकाळी सगळं उरकायचा हट्ट धरू नका, तीन वर्षांचं होत आलेलं मूल पाच-दहा मिनिटं मन लावून बसतं, फार तर पंधरा, आणि मग ते टिन्सेल गळ्यात घालून घरभर पळणारच. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या तयारीचे असतात, एवढा वेळ आहे हातात तर तो वापरा. पहिल्या रविवारी नुसतं झाड उभं करा, रिकामं. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. त्याला हात लावू दे, फांद्या वाकवू दे, खाली लपू दे. नव्याची नवलाई ओसरली की ओढाओढ आपोआप कमी होते. मग एखाद्या रात्री तो झोपल्यावर तुम्ही लाईट लावून घ्या, सकाळी उठल्यावर ते बघून जे तोंड होतं त्याचा फोटो जरूर काढा. त्यानंतर रोज संध्याकाळी चार-पाच वस्तू, एका छोट्या टोपलीत. तेवढ्या संपल्या की आजचं संपलं. आणि एक, तो लावलेलं काढेल, पुन्हा लावेल, पुन्हा काढेल. काढू दे. या वयात काढणं हे लावण्याइतकंच मजेचं असतं आणि हातांचा सरावही तितकाच होतो.

झाड कुठलं घ्यावं हे तुम्ही विचारलं नाहीये पण गेल्या वर्षी पडलं म्हणून सांगते. आपल्याकडे थंड प्रदेशातली फर, स्प्रूस वगैरे झाडं जगत नाहीत, नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं. कुंडीत छान जगतं, उजेडाच्या बाल्कनीत वर्षभर ठेवता येतं, पण त्याच्या फांद्या नाजूक असतात, जड बॉल लावले की खाली झुकतात, म्हणून त्यावर कागदाचं, लोकरीचं हलकं सामानच लावा. आणि त्याचा शेंडा कुणाला मोडू देऊ नका, शेंडा तुटला की झाड पुन्हा तसं सरळ वाढत नाही, त्यामुळे टोकावर चांदणी नकोच. कोकणपट्टीत, वसई-उत्तनकडे बऱ्याच घरांत पूर्वी सुरूची फांदी बादलीत वाळू भरून उभी करायचे, तीही सुंदर दिसते, फक्त लवकर सुकते आणि सुया गळतात, लहान मूल असलेल्या घरात रोज झाडू मारायची तयारी हवी. प्लास्टिकचं असेल तर चार फुटांचं पुरे. खूप जुनं असेल, हात लावल्यावर पांढरट भुकटी येत असेल तर ते आता काढून टाका, जुन्या पीव्हीसीमध्ये शिसं असू शकतं, आणि नवीन असलं तरी सजवून झाल्यावर मुलाचे हात साबणाने धुवायची सवय ठेवा.

पडण्याचं म्हणाल तर प्लास्टिकच्या झाडाचा तीन पायांचा स्टँड मुलाच्या एका ओढीत कलंडतो. स्टँडसकट झाड एका जड बादलीत किंवा कुंडीत ठेवा, भोवती विटा किंवा वाळूच्या पिशव्या, आणि वरून जुनी साडी गुंडाळा. शिवाय झाडाच्या मधल्या दांड्याला तंगूस बांधून ते खिडकीच्या ग्रिलला दोन बाजूंनी बांधा. तंगूस दिसत नाही आणि तुटतही नाही. पण मुलाच्या मानेच्या उंचीला ताणलेलं राहणार नाही एवढं बघा, वरच्या भागातच बांधा.

लाईटबद्दल मात्र मी खूप कडक आहे. दिवाळीच्या माळा असतातच घरात, त्याच झाडावर चढवतात सगळे. त्या स्वस्त माळा थेट प्लगला लागतात, बहुतेकींना मध्ये कुठला अडॅप्टर नसतो, छोटे एलईडी एकामागून एक जोडलेले असतात, आणि त्यामुळे वायर कुठे सोलली गेली असेल तर त्या जागी २३० व्होल्टचा झटका बसू शकतो, दिवा एवढासा आणि थंड असला तरी. मुलं वायर चावतात, ओढतात, तोंडात धरतात. त्या माळा बाल्कनीत वर लावा, झाडावर नको. झाडासाठी यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची माळ घ्या, चांगल्या कंपनीच्या मोबाईल चार्जरला लावा, आणि चार्जर त्याच्या हाताला येणार नाही अशा वरच्या प्लगला. तुमच्या टॉवरमध्ये बहुतेक मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेलच, त्याचं टेस्ट बटण एकदा दाबून बघा, लाईट गेली पाहिजे. झोपताना आणि बाहेर जाताना माळ बंद. आणि लाईटच्या आसपास बर्फ म्हणून कापूस पसरू नका, कापूस पटकन पेट घेतो.

त्याहून मोठी भीती मला बटण सेलची वाटते, म्हणजे ते नाण्यासारखे चपटे सेल. गाणं म्हणणारे सांता, चमकणाऱ्या चांदण्या, छोटे एलईडी टी-लाईट, सगळ्यात तेच असतात आणि कित्येकांची झाकणं नखाने उघडतात. मोठा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर ती वस्तू यंदा घरात आणूच नका. आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं खायला घालून वाट बघू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

बाकी छोट्या वस्तूंसाठी सोपी चाचणी आहे. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्याच्या अर्ध्या भागात नको. मण्यांच्या लांब माळा नकोत, त्या गळ्यात घालायची हौस असतेच. थर्माकोलचे बॉल नकोत, ते चुरले की दाणे नाकात जातात, आणि सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून महाराष्ट्रात बंदीही आहे. खरी दिसणारी प्लास्टिकची चेरी, चॉकलेटं नकोत, कारण ती चावणारच.

मग लावायचं काय? इथे मला खरी मजा वाटते. १६०५ मधली एक नोंद आहे, स्ट्रासबुर्ग शहरातली, की तिथले लोक नाताळला फरचं झाड दिवाणखान्यात उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं, साखरेच्या वस्तू लावतात. काचेचे बॉल खूप नंतर, १९ व्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावातल्या काचकामगारांनी फुंकून बनवायला घेतले. म्हणजे कागद आणि खाऊ ही झाडाची जुनीच सजावट आहे, मुलाने केलेल्या वेड्यावाकड्या कागदी फुलांनी झाड कमअस्सल होत नाही, हे सासूबाईंनाही सांगा.

कागदाची साखळी सगळ्यात उत्तम. पट्ट्या तुम्ही कापा, खळ किंवा फेव्हिकॉल त्याने लावायचा, कडी तुम्ही धरायची. ओढली तर तुटते, त्यामुळे गळ्यालाही धोका नाही. लोकरीचे गोंडे करा, जुन्या कापडाच्या चांदण्या करा, करवंटी घासून रंगवली तर छान घंटा होते पण ती जरा जड, खालच्या मजबूत फांदीलाच. संत्री या दिवसांत भरपूर असतात, चार-पाच मिलिमीटरच्या चकत्या करून ओटीजीत १०० डिग्रीला साधारण तीन तास ठेवायच्या, मध्ये एकदा उलटायच्या, उजेडासमोर धरल्या की आतल्या फोडी चमकतात आणि घरभर वास. मात्र आपल्या हवेत त्या पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाहीत, नाताळ झाला की ओल्या कचऱ्यात.

मिठाच्या कणकेच्या चांदण्या बऱ्याच घरांत करतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी लागेल तसं, पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळायचं. बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीची पोळी लाटायची, वाटीने किंवा झाकणाने आकार पाडायचे, स्ट्रॉने भोक, आणि मधोमध त्याच्या अंगठ्याचा ठसा. मागे तारीख कोरून ठेवा. ११० डिग्रीला दोन-तीन तास, किंवा पंख्याखाली तीन-चार दिवस. पण त्याला चव घेऊ देऊ नका, एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात जाणं वाईट, घरात कुत्रा असेल तर त्याच्यासाठी तर फारच धोक्याचं. मळताना बाजूला साध्या कणकेचा एक गोळा ठेवा, तोंडात घालायचाच असेल तर तो.

काचेच्या बॉलचं. काहीजण सांगतील की मूल मोठं होईपर्यंत माळ्यावर टाका. मला ते पटत नाही, कारण त्या बॉलमध्ये आजीच्या आठवणी आहेत आणि त्या त्याच्यापर्यंत पोचायला हव्यात. असं करा, पलंगावर गादीच्या मधोमध आजीला आणि त्याला बसवा, एका वेळी एकच बॉल बाहेर काढा, त्याच्या दोन्ही ओंजळीत द्या. त्यात त्याला स्वतःचं नाक मोठं दिसेल, तो हसेल, आजी सांगेल हा कुठून आणला, तेव्हा पप्पा केवढे होते. मग तो बॉल आजीच्या हातात परत द्यायचा आणि आजीने वर लावायचा. "हात लावू नको" हे दिवसभर ऐकण्यापेक्षा असं एकदा नीट हातात मिळालेलं मूल त्या बॉलला जास्त सांभाळतं. तरी फुटलाच तर मोठे तुकडे उचलून झाल्यावर ओल्या कणकेचा गोळा फरशीवर दाबत फिरवा, बारीक कुसळंसुद्धा निघतात, मग गोळा कागदात बांधून फेकून द्या.

काहीजण असाही सल्ला देतात की मुलाला वेगळं छोटं फेल्टचं झाड भिंतीवर करून द्या म्हणजे ते मोठ्या झाडाकडे जाणार नाही. दीड वर्षाच्या आतल्या बाळासाठी ठीक आहे. पण तुमच्या मुलाच्या वयाला ते चालत नाही, खरं झाड कुठलं आणि आपल्याला गप्प बसवायला दिलेलं कुठलं हे त्याला बरोबर समजतं.

आणि झाडाइतकंच गोठ्याकडे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याकडे लक्ष द्या, नाताळ आपल्याकडे गोठ्याशिवाय होत नाही. साधारण १४-१५ डिसेंबरला त्याच्या हाताने एका पसरट डब्यात माती घालून गहू पेरा, आदल्या रात्री भिजवलेले. घटस्थापनेला पेरतात तसंच. रोज पाणी शिंपडायचं काम त्याचं, छोट्या स्प्रे बाटलीने, म्हणजे डबा बुडणार नाही. २४ तारखेपर्यंत हिरवंगार उभं राहतं, ते गोठ्याभोवती ठेवायचं. माती, बी, पाणी यात मुलं झाडापेक्षाही जास्त रमतात, मी कायम बघते. गोठ्यातल्या मूर्ती मातीच्या किंवा लाकडाच्या मोठ्या घ्या. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत कपाटात, आणि ती गव्हाणीत ठेवायचा मान त्यालाच द्या. चर्चमधल्या रात्रीच्या मिस्सापर्यंत (प्रार्थनेपर्यंत) जागणार नाही म्हणून संध्याकाळीच ठेवली तरी काही बिघडत नाही. त्याआधी एखाद्या संध्याकाळी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन जा, चर्चमधला गोठा दाखवा, मग घरी येऊन त्याला बरोबर कळतं की मेंढरं कुठे आणि बाळाला भेटायला आलेले तीन मागी राजे कुठे.

पाहुण्यांचं राहिलं. कुणीतरी म्हणणार की खाली सगळा गोंधळ दिसतोय. त्याच्यासमोर तुम्ही हसून "हो ना, त्याने केलंय" असं म्हणू नका, ते त्याला लागतं. "खालचं सगळं याने सजवलंय, त्यालाच विचारा" म्हणा, आणि तो सांगायला लागला की पाहुण्यांना खाली बसावंच लागतं. खाली बसून बघितलं की झाड वेगळं दिसतं, लाईट पानांमधून खालून दिसतात, अंगठ्याचे ठसे दिसतात. तुम्हीही एकदा त्याच्या उंचीला बसून बघा, मला तर तो अर्धाच जास्त आवडतो.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की झाड उतरवायचं, तेही त्याच्यासोबतच. तो शाळेत गेलेला असताना गुपचूप उतरवू नका, दोन दिवस आधीपासून सांगत राहा. त्याने लावलेलं त्यालाच काढू दे आणि त्याच्या नावाच्या वेगळ्या डब्यात त्यालाच ठेवू दे. काचेचे बॉल अंड्यांच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून, माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून. मिठाच्या चांदण्यांना डब्यात जाण्याआधी दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा हात द्या, नाहीतर जुलैच्या हवेत त्या मऊ पडतात आणि झुरळं लागतात. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या, आणि पुड्या आहेत म्हणून हा डबा त्याच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर. ऑगस्टमध्ये एकदा तुम्हीच उघडून बघा, एखादी चांदणी दमट लागली तर पुन्हा पंख्याखाली वाळू द्या, वॉर्निश लावलेलं असल्याने ओटीजीत नको.